दोन पहिले धडे

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव ‘उत्पत्ती’. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’मधला पहिला धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. घाईघाईत लिहिणाऱ्या मुलांच्या हातून उत्क्रांतीच्या जागी हमखास उत्पत्ती पडते. बदलापूरला शिकवणी घेताना अशा किती वह्यांवर मी लाल गोल काढलेत त्याला गणती नाही. एका मुलीच्या वहीत मात्र ती घाई नव्हती. तिने आधी ‘उत्क्रांती’ लिहिलं होतं, मग ते खोडून ‘उत्पत्ती’, मग तेही खोडून पुन्हा ‘उत्क्रांती’. कागद त्या जागी विरला होता.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. “मॅडम, पेपरात पुस्तकातलंच लिहायचं ना? आणि संडे स्कूलला विचारलं तर तिकडचं?”

“तुला स्वतःला काय वाटतं?”

“मला काही वाटायला लागलं की आई म्हणते, एवढा विचार नको करूस.”

ही मुलगी आमच्याच मंडळीतली. तिच्या वयाची असताना मलाही हाच प्रश्न पडला होता. तेव्हा मी तो संडे स्कूलच्या शिक्षकांना विचारला होता आणि त्यांनी प्रेमाने माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढचं वचन पाठ करायला सांगितलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं मी दर रविवारी भक्तीला बसते. उधळ्या पुत्रावर, चांगल्या शोमरोन्यावर, दशमांशावर मी भरपूर उपदेश ऐकले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचं आणि दहावीच्या पहिल्या धड्याचं एकमेकांशी काय नातं, यावर एकही ऐकला नाही. म्हणून मीच विचारत सुटले. भक्तीनंतरच्या चहाच्या वेळी, वर्धापनदिनाच्या जेवणात, नातेवाइकांच्या घरी, आणि लोकलच्या लेडीज डब्यात शेजारी बसलेल्या, गळ्यात क्रूस असलेल्या अनोळखी बायकांनाही.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाख, बदलापूरची पावणेदोन लाख. त्याच जनगणनेनुसार सगळ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं एक टक्क्याहूनही थोडी कमी, साधारण पावणेअकरा लाख. पण आमच्या पट्ट्यातली ख्रिस्ती वस्ती एका गावची नाही, एका भाषेची नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिकडे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. त्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या घरांत केरळचे, तमिळनाडूचे, गोव्याचे आणि आमच्यासारखे नगर जिल्ह्यातले लोक होते. माझे वडील त्यांतलेच. मग मुंबईत घर परवडेना तसे वसईचे, धारावीचे, भांडुपचे लोक बदलापूरला येत गेले. त्यामुळे आमच्याकडे एखाद्या रविवारी सकाळी फिरलात तर कॅथलिकांचा मिस्सा, मल्याळी मंडळींची सिरो-मलबार उपासना, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आमची मराठी भक्ती आणि एखाद्या गाळ्यात ढोलक-कीबोर्डवर रंगलेली हिंदी-सिंधी प्रार्थनासभा, सगळं चालत जाण्याच्या अंतरात ऐकू येतं.

विचारायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं, लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. उलट बहुतेकांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणून बोलायला लागले. हे आवाज खाली आणणं मला सगळ्यात जास्त लागलं. जे सांगत होते त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं.

फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक मशिनिस्ट काका म्हणाले, “देवाने केलं एवढं मला पुरे. एका झटक्यात केलं की सावकाश केलं, ते त्याचं वर्कशॉप. आपण जॉब तपासतो, लेथ नाही.” एका आजींनी पेत्राच्या पत्राचा आधार घेतला. प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा असतो असं तिथे लिहिलंय, मग सहा दिवस किती मोठे असतील ते आपण कोण ठरवणार, हा त्यांचा मुद्दा. एका तरुण आईला तर हा प्रश्नच वाटला नाही. मुलाचा डायनासोरचा खेळ आणि त्याचं रात्रीच्या प्रार्थनेचं पुस्तक, दोन्ही एकाच कपाटात असतात आणि ती कधी भांडलेली तिने पाहिली नाहीत.

केरळहून आलेल्या, उभं आयुष्य नर्सिंगमध्ये काढलेल्या एका बाईंचं उत्तर मी विसरणार नाही. त्यांना मी डार्विनबद्दल विचारलं, त्या टीबीबद्दल बोलायला लागल्या. पेशंटला बरं वाटलं की तो गोळ्या अर्ध्यावर सोडतो. औषधाने बहुतेक जंतू मेलेले असतात. जे चिवट तेवढे उरतात, आणि पुढची सगळी पैदास त्या चिवटांची. मग रिफाम्पिसिन चालत नाही, मग दुसरं औषध, मग तेही चालत नाही. २०१२च्या जानेवारीत मुंबईतल्या डॉक्टरांनी उपलब्ध असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची बातमी जगापुढे ठेवली, तेव्हा त्यांना तिचं नवल वाटलं नव्हतं. “हे मी वॉर्डात रोज बघत आले,” त्या म्हणाल्या. “तुमच्या धड्यात याला नैसर्गिक निवड म्हणतात ना?” मी मान डोलावली. मग प्रार्थनेचं काय, असं विचारल्यावर त्या जराशा हसल्या. “ज्याने जंतूला बदलायची मुभा दिली, त्याच्याकडेच मी पेशंटसाठी जाते. दुसरीकडे कुठे जाणार?”

करोनाच्या काळात तर अल्फा, डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं घराघरात तोंडपाठ झाली. एखाद्या जिवात लहान बदल होतात, त्यांतला जो पसरायला सोयीचा तो टिकतो, ही गोष्ट धडा न वाचलेल्या माणसांनाही ठाऊक झाली. तिला उत्क्रांती म्हणायचं, एवढंच कुणी त्यांना सांगितलं नाही.

सगळेच असे नव्हते. उल्हासनगरला एका प्रार्थनासभेनंतर जीन्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाशी मी बराच वेळ बोलले. तो स्पष्ट नाही म्हणाला. त्याच्या मोबाइलवर परदेशी उपदेशकांचे हिंदीत भाषांतर केलेले व्हिडिओ होते, पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं सांगणारे. पण त्याचा खरा मुद्दा व्हिडिओतला नव्हता, त्याचा स्वतःचा होता. “ताई, या पुस्तकाने माझी दारू सोडवली. आता तुम्ही म्हणता पहिलं पान खरं नाही. पहिलंच खोटं निघालं तर बाकीची पानं मी कशाच्या भरवशावर धरू?”

या माणसाला अडाणी म्हणणारे लोक मला माहीत आहेत. त्याचं घर ज्या भिंतीवर उभं आहे तिच्या पायातला दगड कुणीतरी उपसायला निघालंय, असं त्याला वाटत होतं. त्याला उत्तर द्यायचं तर त्याच्या पुस्तकाविषयी तितकाच आदर असलेल्या माणसांकडूनच द्यावं लागेल.

अशी माणसं आहेत, आणि पुष्कळ आहेत. तिसऱ्या शतकात ऑरिजेनने विचारलं होतं की सूर्य जर चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी मोजायची. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने उत्पत्तीच्या अर्थावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने बजावलं की आकाश, पृथ्वी, प्राणी यांबद्दल जे इतरांना अनुभवाने पक्कं ठाऊक आहे, त्याविरुद्ध ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन काहीबाही बोलू नये. ऐकणारे मग पुनरुत्थानावर तरी का विश्वास ठेवतील, ही त्याची काळजी. देवाने सृष्टीत पुढे उमलणारी बीजं आधीच पेरून ठेवली, अशी त्याची कल्पना होती. डार्विनचं पुस्तक यायला तेव्हा साडेचौदाशे वर्षं अवकाश होता.

आणि ते सहा हजार वर्षांचं गणित? आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५०च्या सुमाराला बायबलमधल्या वंशावळी जोडून सृष्टीचं साल इसवीसनापूर्वी ४००४ काढलं. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात ते छापलं गेलं आणि समासातला आकडा लोकांना वचनाइतकाच पवित्र वाटू लागला. तरीही एकोणिसाव्या शतकातले कितीतरी कडवे बायबलनिष्ठ लोक पृथ्वी फार जुनी आहे हे मानत होते. बायबलमध्ये चूक नाही असं ठासून सांगणारे प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड यांना उत्क्रांतीचं वावडं नव्हतं. डार्विनचे अमेरिकेतले पहिले मोठे पाठीराखे, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, नेमाने चर्चला जाणारे होते. मोबाइलवरच्या त्या व्हिडिओंची विचारसरणी खरी पसरली ती १९६१ साली अमेरिकेत व्हिटकम आणि मॉरिस यांचं महाप्रलयावरचं पुस्तक आल्यावर. ज्याला तो तरुण बापजाद्यांचा विश्वास समजतो, त्यातला हा भाग अंबरनाथच्या फॅक्टरीपेक्षाही नवा आहे.

महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना ते शाळेत कुणी शिकवलं नाही. स्टीफन हिस्लॉप. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ साली नागपूरला आले. उपदेश करणं, शाळा चालवणं आणि मोकळ्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडणं, हे त्यांचं आयुष्य. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून शंख-शिंपले, वनस्पती, कीटक यांचे जीवाश्म काढले आणि लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिले. बेसॉल्टच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्याचं तळं होतं, त्यात जीव होते, मग पुन्हा लाव्हा आला, हे दगडावरून वाचणारा माणूस सृष्टी सहा हजार वर्षांत बसवू शकत नाही. सप्टेंबर १८६३मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. आणि २९ नोव्हेंबर १९७०ला ज्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेही हेच नागपूर. म्हणजे वहीत दोनदा खोडून लिहिणारी ती मुलगी बदलापूरच्या ज्या मंडळीतली, त्या मंडळीच्या पूर्वजांत जीवाश्म गोळा करणारा एक पाळक आहे.

इथे आमच्याच घरातली एक गोष्ट उघड बोलायला हवी. त्या काळातल्या मिशनऱ्यांनी पुराणांवर टीका करताना विज्ञानाचा भरपूर वापर केला. मेरू पर्वत कुठे आहे, दुधाचा समुद्र कुठल्या नकाशात, ग्रहणाला राहू कशाला हवा, असे प्रश्न त्यांनी भूगोल आणि खगोलशास्त्र हातात घेऊन विचारले. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ने धर्माबरोबर विज्ञानाची माहितीही मराठी वाचकाला दिली, तिचा मला अभिमान आहे. पण शेजाऱ्याच्या पुराणाला जी फूटपट्टी लावली ती आपल्या पहिल्या अध्यायाला लावायची वेळ आली की लपवून ठेवायची, हे मला सचोटीचं वाटत नाही. एक तर दोन्हीकडे लावावी, नाहीतर दोन्हीकडे विचारावं की ही गोष्ट खरोखर मोजमापाची आहे का.

कॅथलिक मैत्रिणी मला म्हणतात, आमच्याकडे हा प्रश्न सुटलेला आहे. कागदावर सुटलेला आहे, हे खरं. बाराव्या पायस पोपांनी १९५०च्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र देवच निर्माण करतो ही अट ठेवून. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी सांगितलं की नव्या ज्ञानामुळे उत्क्रांती आता निव्वळ तर्क राहिलेली नाही. २०१४ साली पोप फ्रान्सिस म्हणाले की देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. नववीच्या धड्यातला मेंडेल मठातला साधू होता, वाटाण्याच्या झाडांवरचे त्याचे निष्कर्ष त्याने १८६५ साली मांडले. विश्व एका बिंदूतून पसरलं हा विचार मांडणारा जॉर्ज लमेत्र धर्मगुरू. पेकिंग मानवाच्या संशोधनातला तेयार द शार्दां जेझुइट होता आणि १९३५ साली तो नर्मदेच्या खोऱ्यात माणसाच्या खुणा शोधत फिरला. त्याच्या लिखाणाबद्दल १९६२ साली रोमने सावधगिरीची सूचना काढली, हेही त्याच इतिहासात आहे.

पण मी त्याच मैत्रिणींना विचारलं, हे सगळं तुम्हाला फादरनी कधी सांगितलं? एकीलाही आठवेना. इस्टरच्या आदल्या रात्री, अंधारात मेणबत्त्या धरून त्या उभ्या असतात तेव्हा वाचलं जाणारं पहिलं वाचन म्हणजे उत्पत्तीचा पहिला अध्याय. वर्षातल्या सगळ्यात पवित्र रात्री, सगळ्यात भरलेल्या चर्चमध्ये. आणि मग उपदेश पुनरुत्थानावर होतो, तसा तो व्हायलाच हवा, आणि पहिलं वाचन पुढच्या वर्षापर्यंत तसंच राहतं. रोमहून निघालेला कागद अंबरनाथच्या बाकावर पोचायला पंचाहत्तर वर्षं पुरली नाहीत.

प्रोटेस्टंट पाळकांची अडचण वेगळी. पोप नाही, त्यामुळे कागदही नाही. एका पाळकांनी मला मोकळेपणाने सांगितलं की त्यांचा स्वतःचा उत्क्रांतीला विरोध नाही. “पण मंडळीत दोन घरं नाराज झाली तर? मला लग्नं लावायची असतात, मयतं करायची असतात.” मला त्यांची कीव आली नाही, त्यांच्याबद्दल माया वाटली. शंभर कुटुंबं धरून ठेवणाऱ्या माणसाला भीती असणार. पण ही भीती अनाठायी आहे, असं त्यांच्याच मंडळीतल्या लोकांशी बोलून आलेली मी सांगते. पाळकांना वाटतं मंडळी दुखावेल, मंडळीला वाटतं पाळक रागावतील, आणि दोघंही चहाच्या टेबलावर आवाज खाली आणून तेच बोलतात.

हे अवघडलेपण फक्त ख्रिस्ती लोकांचं आहे असंही नाही. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादच्या वैदिक संमेलनात म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुणी पाहिल्याचं लिहून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यावर जाहीर नापसंती नोंदवली. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रक काढलं. महाराष्ट्र बोर्डाच्या २०१८च्या पुस्तकात मात्र तो पहिला धडा म्हणून आहे. त्यात अवशेषांगं आहेत, जोडणारे दुवे आहेत, मानवाची उत्क्रांती आहे. माझ्या बदलापूरच्या मुलांपुढे तो उघडाच असतो.

आता जे सांगणार आहे ते मला या सगळ्या बोलण्यात सर्वांत उशिरा कळलं आणि ते माझ्याच घरातलं आहे.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मली, गावकुसाबाहेर. तिच्या सासऱ्यांच्या पिढीत वस्तीतली घरं ख्रिस्ती झाली. मी दहावीत असताना माकडाची आणि माणसाची गोष्ट घरी मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा आजीने भाकरी थापायची थांबवली. “आम्हाला जनावरागत वागवणारे काय कमी होते,” ती म्हणाली, “म्हणून आता पुस्तकात पण जनावर?”

मला तेव्हा ते अज्ञान वाटलं. ज्या स्त्रीच्या सावलीचा विटाळ मानला गेला, तिच्यासाठी उत्पत्तीचा पहिला अध्याय म्हणजे सृष्टीचं वेळापत्रक नव्हतंच. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, हे त्या अध्यायात आहे. कुणाला मुखातून आणि कुणाला पायांतून काढलं असं नाही, सगळ्यांनाच प्रतिरूपात. पुरुषसूक्तात तर आजीच्या वस्तीला पायाशीही जागा नव्हती. मिशनच्या शाळेत तिच्या सासऱ्यांनी पहिल्यांदा वाचलं की आपण माणूस आहोत आणि देवासारखे आहोत. ते पान ती सोडणार नव्हती, आणि का सोडावं तिने? मराठी ख्रिस्ती समाजातल्या कितीतरी जुन्या लोकांचा उत्क्रांतीला जो विरोध आहे, तो अशरच्या आकड्यासाठी नाही. तो या पानासाठी आहे. जे वरवर विज्ञानाशी भांडण दिसतं ते मुळात अपमानाच्या आठवणीशी चाललेलं असतं.

आज आजी असती तर मी तिच्यासमोर पीठ घेऊन बसले असते आणि सांगितलं असतं की धडा असं म्हणतच नाही. आजचं माकड म्हणजे आपला आजोबा नव्हे. फार मागे दोघांचा एक सामाईक पूर्वज होता, जसा दूरच्या चुलत्यांचा एक पणजोबा असतो. पुढचं तर तिला आवडलंच असतं. पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच आफ्रिकी कुळातली, गावातला पाटील आणि गावकुसाबाहेरचा म्हार एकाच रक्ताचे, हे त्या धड्याचं म्हणणं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले बहुतेक सगळे समाज एकमेकांत मिसळत होते आणि त्यानंतर हे मिसळणं थांबलं. म्हणजे जातीची भिंत सृष्टीबरोबर आलेली नाही, ती माणसांनी नंतर घातली आणि तिचा काळही आता सांगता येतो. देवाने एकाच माणसापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली, असं पौल अथेन्समध्ये बोलल्याचं प्रेषितांच्या पुस्तकात आहे. आजीला ते वचन पाठ होतं. हा धडा तिच्याच बाजूचा होता आणि मी तो तिला नीट सांगितला नाही.

गाठी अजून आहेत. त्या नाहीत असं सांगणारा माणूस मला पटत नाही, मग तो पाळक असो की प्राध्यापक. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की एका माणसामुळे पाप आणि पापामुळे मरण जगात आलं. पण माणूस यायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राणी जन्मत होते, मरत होते, एकमेकांना खात होते, हे जीवाश्म सांगतात. मग मरण कुणाच्या पापाचं? आदाम एक व्यक्ती होता की माणूसजातीचं नाव? इब्री भाषेत ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे माती, एवढं तर अर्थात आहेच. कोणी म्हणतात पौलाला म्हणायचंय ते आत्मिक मरण. कोणी आदामाला मानवकुळाचा पहिला प्रतिनिधी मानतात. मला स्वतःला या दोन्हींपैकी कुठलंच उत्तर पूर्ण पुरत नाही. आणि नैसर्गिक निवडीत जी वेदना आहे, जगायला न जमलेल्या असंख्य पिलांची, तिच्यापुढे मी बायबलमधल्या ईयोबासारखी गप्प बसते. मात्र ज्या देवावर माझा विश्वास आहे तो क्रूसावर स्वतः वेदनेत होता, त्यामुळे या प्रश्नासह त्याच्यासमोर बसायला मला संकोच वाटत नाही.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं की पेपरात पुस्तकातलं लिही, कारण ते खरं आहे. संडे स्कूलला विचारलं तर उत्पत्तीतलं सांग, कारण तेही खरं आहे. आणि दोन्ही एकत्र कशी खरी असतील हे कुणी विचारलं तर सांग की मी शोधतेय. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पृथ्वीला आणि पाण्याला जीव उपजवायला सांगतो, हे मी तिला दाखवलं. तो जमिनीलाच कामाला लावतो. तिने ती ओळ बोटाने दोनदा वाचली.

पावसाळा संपल्यावर एका शनिवारी मी वर्गाला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेले. ती मुलगी आजोबांना बरोबर घेऊन आली. ते तेच, लेथची गोष्ट सांगणारे मशिनिस्ट काका. दोघं एकाच घरातले, हे मला त्या दिवशी कळलं. वालधुनीच्या काठी शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं हे मंदिर इथल्याच काळ्या बेसॉल्टचं आहे. मुलांना मी कोरीवकाम दाखवलं आणि मग म्हटलं, आता कोरीवकाम विसरा, नुसता दगड बघा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा होता. एकावर एक थर सांडत गेला, त्याची सह्याद्री झाली. बदलापूरच्या पलीकडे चंदेरीच्या आणि मलंगगडाच्या कड्यांवर आडव्या रेघा दिसतात त्या याच थरांच्या, लोकलच्या खिडकीतूनही मोजता येतात. डायनासोर संपले तो हा काळ.

आजोबांनी तळहात दगडावर ठेवला. आयुष्यभर लोखंडाचा पृष्ठभाग हाताने तपासलेला माणूस, तो हात बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी नातीला विचारलं, “हा कितव्या दिवसाचा गं?”

तिने बोटं मोजली. “कोरडी जमीन तिसऱ्या दिवशी.” मग थांबली. “पण तेव्हा डायनासोर होते ना. जमिनीवरचे प्राणी सहाव्या दिवशी. म्हणजे सहावा दिवस लागला होता.”

“आणि आपण?”

“आपण त्याच दिवशी, पण उशिरा.”

उत्पत्तीचा हिशोब असा लावायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पक्षी तिथे जमिनीवरच्या प्राण्यांच्या आधी येतात, झाडं सूर्याच्या आधी. मी काही बोलले नाही. आजोबांनी हात काढला, पँटला पुसला, आणि पुन्हा ठेवला.

“म्हणजे हा दगड थंड झाला तेव्हा दुपार असेल,” ते म्हणाले.